ओढ्यात मुकादम

प्रिय चिंगळ्या,

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पाकीट फोडताना तुझ्या पोटात जो गोळा आला असेल तो विरघळेल. बाबा ठणठणीत आहेत. कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही आणि ‘शेवटचं एकदा तोंड दाखवून जा’ छापाचं हे पत्र नाही. तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितेय. तुझ्या शोभेच्या माशांच्या दुकानाच्या नंबरवर केला, तर पलीकडच्याने मोबाइलचं कव्हर कुठल्या रंगाचं हवं ते विचारलं. मी म्हटलं, मला मासे हवेत. तर म्हणाला, मासेवाले गेले. कुठे गेले ते त्याला ठाऊक नाही, आणि माहिती करून घ्यायची त्याला हौसही नाही. मग तुझ्या जुन्या घरमालकाला गाठलं, त्याने हा पत्ता दिला, तोही ‘बहुतेक’ असं म्हणून. म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल की भलत्याच्याच, कोण जाणे. भलत्याच्या हाती पडलं असेल तर साहेब, पुढे वाचू नका, उगाच डोकं उठेल.

मी क्लिनिकमधल्या एक्स-रेच्या खोलीत बसून लिहितेय. तीच ती, बिनखिडकीची, जाड दाराची. बाहेर बाकावर माणसं आपापली हाडं सांभाळत बसलेली असतात, त्यामुळे मध्येमध्ये उठावं लागेल. तसंही गेला महिनाभर माझं एका जागी बूड टेकत नाहीये. घरी असले की वाटतं क्लिनिकमध्ये जावं, इथे आले की वाटतं घरी जाऊन बघावं म्हातारा काय करतोय. परवा तर एकाचा उजवा हात मोडलेला असताना मी डाव्याचा फोटो काढला. तो बिचारा म्हणाला, ताई, हा चांगला आहे. त्यावर डॉक्टर मला काय बोलले ते लिहीत नाही. सांगायचं काय, तर माझं चित्त थाऱ्यावर नाही, आणि त्याला कारण एक मासा आहे. आपल्या घरामागच्या ओढ्यातला. आणि त्या माशापायी बाबा सकाळपासून अंधार पडेपर्यंत ओढ्याच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. पाऊस असो, वारा असो. जेवायला हाक मारली तर ताट तिकडे आण म्हणतात. तर बाबा रे, तो मासा कोणता, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. आपल्या खानदानात माशांतलं तुलाच कळतं.

थांब, एक घोटा आलाय.

आले. मोडला नव्हता, नुसताच सुजलाय. बाई जिन्यावरून फोनवर बोलत उतरत होत्या म्हणे. असो. नमनालाच घडाभर तेल झालं, आता मुद्द्यावर येते. तू गेल्यानंतर ओढ्याची काय दशा झाली होती ते तू पाहिलेलं नाहीस. लाँड्रीच्या मागच्या भिंतीपासून छोट्या पुलापर्यंत नुसत्या पिशव्या आणि थर्माकोल. मग आपल्या गल्लीतल्या चार-पाच रिटायर मंडळींनी मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी गमबूट घालून उतरायचे आणि घाण उपसायचे. त्यांची नावं मला विचारू नकोस. माझं तुला माहीत आहे, चेहरे लक्षात राहत नाहीत, हाडं राहतात. रस्त्यात कुणी हसलं की मी ओळख नसल्यासारखी निघून जाते, आणि मग चार पावलांवर आठवतं, अरे, हा तर डावा खुबा! तर ह्या मंडळाचा अध्यक्ष डावा खुबा, खजिनदार उजवा गुडघा, आणि मानेचा मणका नावाचे एक मास्तर आहेत, ते सल्ले देतात. बाबाही जायचे अधूनमधून, पण पाण्यात उतरायचे नाहीत. काठावरून, पिशवी कुठे अडकलीय ते बोट दाखवून सांगायचे. आयुष्यभर लेथवर उभं राहिलेला माणूस, दुसऱ्याच्या कामात चूक दाखवायचं सुख त्यांना पेन्शनपेक्षा मोठं.

महिन्यापूर्वी एका सकाळी ते मागच्या दाराने आत आले, चपला चिखलाने भरलेल्या, चहा उभ्यानेच प्यायले आणि काही न बोलता परत गेले. मला वाटलं, काहीतरी हरवलंय. दुपारी गुडघाकाका सांगत आले, की पुलाखालच्या दगडावर हातभर लांबीचा मासा चिकटून बसलाय. त्या ओढ्यात! जिथे बोटाएवढे चार मासे दिसले तर मंडळाने पेढे वाटावेत तसे एकमेकांचे हात धरून हलवले होते! मग काय, सगळी गल्ली पुलावर. खुब्याने जाहीर केलं की हे मगरीचं पिल्लू आहे, बायकांनी मुलांना आत घ्यावं. मास्तरांनी जाड पुस्तक काढलं आणि समुद्रातून चढून आलेला आहे असा निकाल दिला. समुद्र इथून किती लांब आहे असं विचारलं, तर म्हणाले, त्याची जिद्द बघा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, की ओढा आपण साफ केला म्हणूनच हा आला. खुब्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं. खरं सांगते, मला तेव्हा हसूही येईना. कंबरेइतक्या घाणीत उतरलेली म्हातारी माणसं ती, त्यांना कुणीतरी मोठा पाहुणा येऊन दाद देऊन गेल्यासारखं वाटत होतं.

मी संध्याकाळी गेले बघायला. काळपट, अंगावर चिलखतासारखे खवले, पाठीवर शिडासारखा उभा पर, पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला आणि ते दगडाला लावून हा आपला शेवाळ खरवडतोय. इतकं बघितलं तोवर मी नुसती बघत होते. मग तो हलला. शेपूट डावीकडे कलती ठेवून, अंग जरा तिरपं करून, लंगडा माणूस घाईत रस्ता ओलांडतो ना, तसा पुढच्या दगडावर गेला. मी पुलाचा कठडा घट्ट धरला. बाबा खुर्चीत बसले होते, त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. स्वतःला समजावलं, वाकड्या शेपटीचे मासे काय जगात एकच असतात का? घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

दोन मनगटं आणि एक करंगळी. तिन्ही प्लास्टरला गेली.

तर पुढे. मंडळाला आता मासा शास्त्रीय पद्धतीने ओळखून हवा होता. मास्तरांनी विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंना फोन केला, माशांवरच काम करतात त्या. बाई म्हणाल्या, फोटो पाठवा, लांबी मोजा. बाबांनी साफ नकार दिला. माशाला कुणी हात लावायचा नाही, राहू दे त्याला बापड्याला. मंडळ म्हणालं ठीक, आणि बाबा आंघोळीला गेल्याबरोबर गुडघाकाकांनी जुन्या मच्छरदाणीत मासा धरला. लांबी मोजली, फोटो काढले, आणि तेवढ्यात मी म्हटलं, आणा इकडे, त्याच्या हाडांचाही फोटो देते, बाईंना उपयोगी पडेल. सगळे खूश. मला तर बाईंशी काही देणंघेणं नव्हतं. मला बघायचं होतं. डॉक्टर जेवायला गेले होते. ओल्या टॉवेलात गुंडाळून त्याला प्लेटवर ठेवलं, लहान मुलाच्या हाताला लावते तेवढाच डोस लावला, आणि स्क्रीनकडे पाठ करून उभी राहिले. वळून बघायला मला वेळ लागला रे.

शेपटीकडचे दोन मणके एकमेकांत जुळून एक झालेले, आणि त्यामागचा तिसरा तिरपा. हा फोटो मी आधी एकदा काढलाय. तू विसर म्हटलंस तरी मला विसरता येणार नाही, तू ओल्या शर्टात मुकादमाला छातीशी धरून ह्याच दारातून धावत आला होतास. हातरुमालाएवढा होता तेव्हा. टाकीतून उडी मारून फरशीवर पडला होता आणि तू रडत होतास, मिशा फुटलेला माणूस. डॉक्टर फिदीफिदी हसले होते. मी हसले नव्हते, हे लक्षात ठेव. त्याचं नाव आईने ठेवलं होतं, ती होती तेव्हा. दिवसभर काचेला तोंड लावून फिरतो, सगळ्यांवर नजर ठेवतो, काम मात्र शेवाळ खाण्याएवढंच, म्हणून मुकादम. मंडळाने इकडे पुस्तकं पालथी घातली आणि उत्तर माझ्या पोटात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मासा परत ओढ्यात सोडला, फोटो बाईंना पाठवला, त्या म्हणाल्या, येऊन बघूनच काय ते सांगते, आणि मी मूग गिळून गप्प बसले.

गप्प का बसले ते सांगते, कारण गेला महिनाभर मी हे मनातल्या मनात तुला इतक्या वेळा सांगितलंय की शब्द गुळगुळीत झालेत. मुकादम ओढ्यात आपल्या पायांनी आला नाही. तू आलास. बादलीत घालून आणलास की पिशवीत, बसने आणलास की कुणाच्या गाडीवर, मला कल्पनाही करता येत नाही. पण तू लाँड्रीच्या भिंतीपाशी उभा राहिलास. तिथून आपलं मागचं दार दिसतं. स्वयंपाकघरातला दिवा दिसतो. मी ओट्यापाशी उभी असेन तर मीसुद्धा दिसते! आणि तू माशाला सोडून मागच्या मागे निघून गेलास. अरे, माशाची एवढी काळजी, की दुसऱ्या कुठल्या पाण्यात सोडवला नाही, आणि आमच्या दाराची कडी वाजवायला तुझा हात मोडला होता? मोडला असता तर एक बरं, मी फोटो तरी काढला असता. इतका राग आला होता मला. आणि राग ओसरल्यावर भीती वाटली. कारण मुकादम तू कुणाला दिला नसतास, अंगावरचा शर्ट दिला असतास. त्याला सोडलंस म्हणजे त्याला ठेवायला जागाच उरली नसणार. म्हणजे तुझं दुकान नुसतं दुसरीकडे गेलेलं नाही, ते बंद झालंय. तू कुठे राहतोस? नीट जेवतोस ना? ह्या पत्त्यावर खोली आहे की नुसती कॉट?

हे बाबांना कळता कामा नये, असं मी ठरवलं. म्हटलं, आपला मुलगा परसदारापर्यंत आला आणि उंबऱ्याला पाय न लावता गेला, हे ह्या वयात त्यांना कशाला कळू द्यायचं? त्यापेक्षा ओढ्यात दुर्मीळ मासा आला म्हणून आनंदात राहू देत. पण त्यांचा आनंदही बघवेना. माणूस पहाटेच स्वेटर चढवून खुर्ची घेऊन निघायचा. कुणी पुलावरून खडा टाकला तर खेकसायचा. पुलावरून कोण येतंय, कोण जातंय, सगळ्यांकडे टकामका बघायचा, माझ्या माशाला कुणी नेतंय की काय अशा नजरेने. गल्लीत हसायला लागले होते लोक. आणि मला एकच दिसत होतं, एक ना एक दिवस प्राध्यापक बाई येणार, सगळ्यांसमोर खरं सांगणार आणि बाबा तोंडावर आपटणार. घरात आम्ही दोघं एकमेकांशी हवापाण्याचं बोलायचो. तुझा विषय ते तीन वर्षं काढत नाहीत, मीही काढत नाही.

त्या भांडणाचं तरी काय घेऊन बसलात रे दोघं? टाकीला चीर गेली, पाणी खाली बाबांच्या हत्यारांच्या पेटीत शिरलं. ती पेटी म्हणजे त्यांची उभी कारकीर्द, प्रत्येक माप तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं, सगळ्याला गंज चढला. माणूस बोलणारच. या घरात एक तर हे मासे राहतील नाहीतर मी, असं ते बोलले, मला मान्य आहे. पण ते माशांना बोलले, तुला नाही. तू दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावलास, टाक्या चढवल्यास आणि त्यांच्याबरोबर स्वतःही चढलास. तुला हे कधी कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. त्या संध्याकाळी बाबांनी मला तिघांचा स्वयंपाक करायला लावला होता. म्हणाले, मासे कुठेतरी ठेवून येईलच तो, भूक लागली असेल त्याला. रात्री त्यांनी स्वतः तुझं ताट झाकून ठेवलं. मग दिवस गेले आणि मग ‘आधी त्याने फोन करावा’ सुरू झालं. बाप तसा बेटा. दोघांच्याही मानेचा फोटो काढला तर एकाचा फोटो दुसऱ्याचा म्हणून खपेल.

बाहेर एक खांदा कण्हतोय. हा निखळलाय बहुतेक, वेळ लागेल.

आता शेवटचं, आणि ह्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. काल प्राध्यापक बाई आल्या. चांगल्या आहेत, साध्या, स्वतः पँट दुमडून पाण्यात उतरल्या. मासा बघितला आणि मंडळाला फार हळुवारपणे सांगितलं, की हा इथला नाही, लांबच्या देशातला आहे, लोक टाकीत पाळतात आणि मोठा झाला की सोडून देतात. काठ पोखरतो, इथल्या माशांची अंडी खातो, तेव्हा ह्याला ओढ्यात ठेवता येणार नाही, रविवारी माणसं घेऊन येते आणि नेते. खुबा मटकन दगडावर बसला. मास्तर चष्मा पुसायला लागले. बाईंनी विचारलं, कुणी सोडला असेल काही कल्पना आहे का? मी खाली बघत होते. आणि बाबा खुर्चीतून उठून म्हणाले, आमच्या घरचा आहे तो. न्यायचा नाही, आम्ही घरी नेऊ, पण रविवारपर्यंत इथेच राहू द्या. चिंगळ्या, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! शेपूट बघितल्याबरोबर ओळखलं त्यांनी. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. घरी आल्यावर मी भांडले त्यांच्याशी, की मग महिनाभर चिखलात बसून लोकांचं हसू का करून घेतलंत? गुडघा बघा केवढा सुजलाय! तर भिंतीकडे बघत म्हणाले, ज्याने सोडला तो हा जगला की नाही ते बघायला एकदा तरी येईलच. तो येईल तेव्हा काठावर कुणीतरी असायला नको का? म्हणून बसतात रे ते. त्यांनी माशाकडे धड बघितलंसुद्धा नाही महिनाभर. रविवारी मासा घरात आला की ओढ्यावर बसायला त्यांच्याकडे काही निमित्त उरणार नाही, आणि ‘मुलाची वाट बघतो’ असं म्हणून उघड बसणं त्यांना जन्मात जमणार नाही. तेव्हा रविवारच्या आत ये, हे पत्र मी आजच स्पीड पोस्टने टाकतेय. दुकानाचं काय झालं ते कुणी विचारणार नाही, मी विचारू देणार नाही. पुढच्या दाराने येऊ नकोस, तिथे कुणी नसतं. पुलावरून ये. माशाला बघायला आलो एवढंच म्हण, ते खुर्ची सरकवतील.

तुझीच,
ताई